खिडकीची जागा

फ्योर्डच्या सफरीला निघालेला माणूस नॉर्वेचा नकाशा एकदा उघडतो आणि जहाजाचा शंभरदा. कोणत्या बंदरात किती तास थांबणार हे एकदा वाचलं की झालं. पण आठव्या मजल्यावरची डावीकडची खोली घ्यावी की नवव्या मजल्यावरची उजवीकडची, यावर घरात आठवडेच्या आठवडे खल चालतो. आमच्याकडेही चालला. भाची इंग्लंडात रेडिंगला असते. साउदम्प्टनहून जूनमध्ये सुटणारं जहाज तिनेच शोधलं होतं. तिची आई, म्हणजे माझी ताई, आणि आम्ही नवराबायको अशा तिघांसाठी दोन खोल्या ठरवायचं काम मात्र तिने आमच्यावर टाकलं. “मावशी, काय हवंय ते तुम्हीच बघा, नंतर मला बोल लावू नका,” असं म्हणून तिने लिंक पाठवली आणि ती मोकळी झाली.

ताईने आधीच जाहीर केलं, “माझ्या गुडघ्यांना वरखाली करणं झेपायचं नाही. मी बसेन तिथून दिसलं पाहिजे.” नवऱ्याचं म्हणणं, झोप नीट लागली की पुरे. आणि पैशांचं गणित माझ्याकडे.

खोल्यांचे प्रकार तसे चारच. आतली, जिला बाहेरचा उजेड माहीतच नाही. खिडकीची, जिची काच उघडत नाही. बाल्कनीची. आणि स्वीट, ज्याची किंमत वाचून आपण निमूटपणे पुढे सरकतो. पण या चारांच्या पोटात पोटप्रकार इतके, की नकाशावर रंग पुरत नाहीत. त्यातल्या एका रंगाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘दृश्याला अंशतः अडथळा’. अडथळा म्हणजे जीवरक्षक होडी. ती नारिंगी होडी काही खोल्यांसमोर सगळी काच व्यापून टांगलेली असते. काही ठिकाणी मात्र तिचं टप खिडकीच्या खालच्या कडेलाच संपतं आणि वरचं सगळं उघडं राहतं. पैसे दोन्हीकडे जवळपास सारखेच कमी. कोणती कुठली, हे नकाशा सांगत नाही. जाऊन आलेल्या माणसाला गाठून विचारावं लागतं, आणि जाऊन आलेला माणूस अशा वेळी फार खुलून बोलतो.

मग आवाजाची बाब. आपल्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे, हे पाहायचं. वर पोहण्याच्या तलावाचा मजला आला, तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज ठरलेला. खाली नाटकघर आलं, तर रात्री अकरापर्यंत ढोल. अगदी पुढची खोली नांगराच्या साखळीशेजारी, आणि फ्योर्डमध्ये नांगर टाकायची वेळ बहुधा सकाळची. अगदी मागच्या खोलीतून जहाजामागे उमटणारी पाण्याची पांढरी वाट सुंदर दिसते, पण जहाज वळायला लागलं की टेबलावरचा पेला थरथरतो. म्हणून जाणते लोक सांगतात की वर खोल्याच, खाली खोल्याच, आणि जागा मध्यावर. हेलकावे सगळ्यात कमी लागतात तेही मध्यावर आणि खालच्या मजल्यावर. हा शेवटचा सल्ला उत्तर समुद्र ओलांडताना आणि स्टाडच्या भूशिराला वळसा घालताना कामाचा. स्टाडपाशी किनाऱ्याला आडोसा देणारी बेटं नाहीत, आणि वारा तिथे कुणाची भीड धरत नाही. फ्योर्डच्या आत मात्र पाणी इतकं स्थिर, की जहाज चाललंय हे समोरचा डोंगर सरकतो म्हणून कळतं.

मी आतल्या खोलीच्या बाजूची. पैशांमुळे तर आहेच, पण जूनमधल्या नॉर्वेत तिचा खरा गुण वेगळाच आहे. तिकडे त्या दिवसांत सूर्य रात्री अकराच्या आसपास मावळतो आणि चारच्या सुमारास उगवतो. मधल्या काळातही आकाश धड काळं होत नाही. खिडकीवाले पडद्यांच्या फटी चिमट्यांनी बंद करत बसतात. आतल्या खोलीत दिवा मालवला की गडद, निखळ काळोख. नवऱ्याला हे एका वाक्यात पटलं. ताईसाठी आठव्या मजल्यावरची बाल्कनी घेतली, मध्यावरची, वर-खाली खोल्याच असलेली. राहता राहिलं पोर्ट की स्टारबोर्ड, म्हणजे डावी बाजू की उजवी. यावर भाचीचे सासरे, नवऱ्याचा एक मित्र आणि व्हिसाची कागदपत्रं भरून देणारा मुलगा अशा तिघांनी ठाम मतं दिली. तिन्ही वेगळी. बाजू दोनच असताना तिसरं मत कसं निघालं, हे मला अजून कळलेलं नाही.

खरं तर हा वाद फ्योर्डमध्ये लागूच पडत नाही. फ्योर्डला दुसरं तोंड नसतं. समुद्र डोंगरांत शिरतो, वळणं घेत आत जात राहतो आणि एका जागी संपतो. ज्या वाटेने आत गेलो त्याच वाटेने बाहेर यायचं. जाताना जी बाजू हुकली ती येताना आपोआप समोर येते. जहाज शेवटाशी जागच्या जागी वळलं की डाव्याचं उजवं होतं, वाद संपला. हे असं का, त्याचं उत्तर बर्फात आहे. हिमयुगांमध्ये डोंगरमाथ्यावरून उतरणाऱ्या हिमनद्यांनी जुन्या नदीखोऱ्यांचे तळ खरवडून काढले. जिथे बर्फ सगळ्यात जाड तिथे सगळ्यात खोल. समुद्राकडे येता येता बर्फ पसरला, पातळ झाला, आणि तिथे तळ उथळ राहिला. बर्फ वितळल्यावर त्या घळीत समुद्र भरला. म्हणून सॉग्नेफ्योर्ड आत १३०० मीटरपर्यंत खोल, आणि समुद्राला मिळतो तिथे शे-दोनशे मीटरांचा उंबरठा. आत जाल तसं खोल, हा उलटा न्याय. बाजूच्या लहान हिमनद्यांना मुख्य हिमनदीइतकं खोदणं जमलं नाही. त्यांची खोरी वरच लटकत राहिली, आणि आता त्यांचं पाणी कड्यावरून सरळ खाली पडतं. ज्यांचे फोटो काढायला सगळं जहाज एका बाजूला धावतं, ते धबधबे हे असे अर्ध्यावर राहिलेल्या खोदकामाचे.

डाव्या-उजव्याचा वाद शोभतो तो किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जाणाऱ्या बोटींवर. रिशार्ड विथ नावाच्या कप्तानाने १८९३ साली ‘वेस्टेरालेन’ ही बोट त्रोन्हाइमहून हामरफेस्टला नेली आणि हुर्तिग्रूतेन ही टपालबोटींची वाट सुरू झाली. तोपर्यंत त्रोन्हाइमचं पत्र हामरफेस्टला उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी आणि हिवाळ्यात पाच-पाच महिन्यांनी पोचायचं, असं सांगतात. अंधारात, खडकांनी भरलेल्या त्या किनाऱ्यावरून बोट हाकायला कुणी तयार नव्हतं. विथने वेळ, वेग आणि दिशा यांची टिपणं ठेवून ते केलं. आज बर्गनहून किर्केनेसपर्यंत ३४ बंदरं घेत त्या बोटी जातात. उत्तरेकडे जाताना उजवीकडे किनारा आणि डावीकडे बहुतांशी खुला समुद्र, परतीला उलट. तिथे एकाच दिशेचं तिकीट काढणाऱ्याने बाजू विचारून घ्यावी. शिवाय जाताना जी बंदरं रात्री लागतात ती येताना दिवसा लागतील, अशी वेळापत्रकाची आखणी आहे. कुणाच्या वाट्याला नुसता अंधार येऊ नये, ही काळजी वेळापत्रकाने घेतलेली मला फार आवडली. त्या बोटींवर गावकरी एका बंदरात चढून पुढच्या बंदरात उतरतात. खोलीबिली न घेता, खुर्चीवर बसून, पिशवी पायांशी ठेवून.

आमचं जहाज त्या जातीचं नव्हतं. आमच्यावर गावकरी कुणी नव्हते, सगळे पाहायलाच आलेले.

गायरांगरच्या दिवशी मी साडेचारला वरच्या मोकळ्या डेकवर गेले. आतल्या खोलीतून बाहेर पडणाऱ्याला पहाट एकदम भेटते, हळूहळू उजाडण्याची सोय नाही. दार ढकललं आणि वाऱ्याने श्वास अडवला. कठड्याच्या लाकडावर दव होतं आणि लोखंडी खांबांवर पांढऱ्या रंगाचे इतके थर, की खाचा बुजून गेलेल्या. वीसेक माणसं आधीच उभी होती. काही पूर्ण तयारीची, तिवई लावून. काही जहाजाच्या पांढऱ्या झग्यावर जाकीट चढवून आलेली, पायांत सपाता. एक जपानी आजोबा टोपीच्या पट्ट्या हनुवटीखाली बांधून, काहीही न करता, नुसते उभे होते. एका खलाशाने ढकलगाडीवर गरम कोको आणला आणि त्या थंडीत तो मला आयुष्यातला सर्वांत चांगला कोको वाटला. चव घेतली तर साधाच होता.

तोवर जहाज ओलेसुंडचा किनारा मागे टाकून स्तूरफ्योर्डच्या बरंच आत आलं होतं. बाहेरचे डोंगर लांब, गोल, अंग टाकून बसलेले. जसजसं आत जावं तसे ते उठून उभे राहतात. हेलेसील्ट गावाच्या अलीकडे जहाज डावीकडे वळतं आणि तिथून गायरांगरफ्योर्ड सुरू. लांबी १५ किलोमीटर. २००५ साली युनेस्कोने हा आणि सॉग्नेच्या पोटातला नेरॉयफ्योर्ड असे दोन जागतिक वारशाच्या यादीत घेतले. कडे १४०० मीटरपर्यंत वर आणि पाण्याखाली ५०० मीटरपर्यंत खाली, अशी त्यांची नोंद. पण मोजमापं डोळ्यांना काही सांगत नाहीत. बराच वेळ मला ते डोंगर मोठे वाटलेच नाहीत. जवळचे वाटले. मग डावीकडच्या कड्याच्या पायथ्याशी पाण्यावर एक लाल ठिपका दिसला. तो हलत होता. दुर्बिणीतून पाहिलं तर माणसांनी भरलेली चांगली लांबरुंद बोट. तिच्यावरून नजर कड्यावर चढवत गेले, चढवत गेले, मान मागे टेकली, तरी कडा संपेना. त्या क्षणी पोटात खड्डा पडला. माप कळायला आपल्याएवढं काहीतरी शेजारी लागतं.

सात बहिणींचा धबधबा जाताना डावीकडे येतो. सात धारा, सगळ्यात लांब धार २५० मीटर सरळ खाली. त्यांना हिमनदीचा आधार नाही. वरचं बर्फ वितळतं तोवर वैभव, म्हणून मे-जूनमध्ये जावं, ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत बहिणी कमी होतात. आम्हाला पाच नक्की दिसल्या आणि सहावीवरून डेकवर मतभेद झाले. समोरच्या काठावर एकच जाडजूड धबधबा आहे, त्याचं नाव ‘मागणी घालणारा’. सातही जणींनी नकार दिला तेव्हा त्याने बाटली जवळ केली, आणि धबधब्याच्या मधोमध बाटलीचा आकार दिसतो, असं ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आलं. बाटली मात्र सगळ्यांना लगेच दिसली.

डेकची एक गंमत आहे. दोन्ही कडे एकाच वेळी पाहता येतात, आणि फ्योर्ड म्हणजे मुळात दोन कडे. एका कड्याला कुणी फ्योर्ड म्हणत नाही. मध्ये उभं राहून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिल्याशिवाय ती अरुंदी अंगाला जाणवत नाही. बाल्कनीला एकच कडा मिळतो, तोही कापलेला. वरच्या बाल्कनीचं छत शिखर कापतं, स्वतःचा कठडा पाणी कापतो. हे सगळं मनाशी नीट जुळवून मी ताईच्या खोलीवर गेले. तिला मधल्या लिफ्टने वर न्यावं, थोडा वेळ उभं करावं, असा विचार.

ताई बाल्कनीत शाल लपेटून बसली होती. समोर चहा, मांडीवर दुर्बीण.

“घर पाहिलंस का गं?” तिने मला विचारलं.

“कुठलं घर?”

“त्या धबधब्यांच्या शेजारी. कड्यावर. मध्येच. तिथे ना वाट, ना काही. दोन-तीन छपरं आहेत आणि हिरवा तुकडा. माणूस राहतो का तिथे?”

मी पाहिलं नव्हतं. मी शिखरं पाहत होते, नाहीतर पाणी. ताईच्या बाल्कनीने शिखर आणि पाणी दोन्ही कापून तिला मधलाच पट्टा दिला होता, आणि फ्योर्डमधली माणसं नेमकी त्या मधल्या पट्ट्यात राहिली होती.

ती क्निव्हस्फ्लोची वाडी. तिथे आता कुणी राहत नाही. वरचा खडक लटकता आहे, कधीही कोसळेल, म्हणून १८९८ मध्येच ती सोडावी लागली. गायरांगरच्या कड्यांवर अशा कितीतरी वाड्या आहेत, क्निव्हस्फ्लो, ब्लॉमबर्ग, समोरच्या काठावर स्कागेफ्लो. त्या वसवणाऱ्यांनी काही देखावा पाहून जागा निवडली नव्हती. खालच्या काठाशी सपाट जमीन जवळजवळ नाहीच. वर मात्र हिमनदीने सोडलेल्या एखाद्या पायरीवर शेळ्यांच्या एखाद्या कळपाला पुरेल एवढं गवत. मग तिथेच घर. खाली होडी बांधायची आणि मीठ, पीठ, लोखंडी चूल, जे काही आणलं असेल ते पाठीवर घेऊन कडा चढायचा. लहान मुलं कड्यावरून जाऊ नयेत म्हणून त्यांना कमरेला दोरी बांधून ठेवत. हे सांगताना जहाजावरची मार्गदर्शक मुलगी हसली. आमच्यातल्या आया हसल्या नाहीत.

गायरांगर गावाशी जहाज पाण्यातच थांबलं आणि लोकांना लहान होड्यांतून काठावर नेलं. गाव दोन-अडीचशे वस्तीचं. उन्हाळ्यात एका सकाळी त्याच्या कित्येक पट माणसं तिथे उतरतात, आणि पहिला अर्धा तास सगळी मिळून एकच दुकान शोधतात. जहाजाच्या अंगातल्या दारातून होडीत पाय टाकताना ताई थबकली. खलाशाने दोन्ही दंड धरून तिला अलगद आत घेतलं. होडीत टेकल्यावर ती म्हणाली, “आजोबा सांगायचे ना, रत्नागिरीला बोट लांब उभी राहायची आणि पडावातून उतरायचं, तसंच की हे.” कोकणबोटीच्या डेकवर ताडपत्रीखाली रात्र काढून आलेल्या माणसांना बोटीतून पडावात उतरताना कुणी दंड धरला असेल का, ते मला ठाऊक नाही. पण ताईची उपमा जागच्या जागी होती.

दुपारी जहाज वळलं. आता ताईच्या बाल्कनीला समोरचा काठ आला, आणि मी डेकवर गेलेच नाही. दोघी बसलो. स्कागेफ्लो पाण्यापासून अडीचशे मीटर वर आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर कड्यावर हिरव्या रंगाचा एक फराटा, आणि त्यावर राखाडी काहीतरी. दुर्बीण स्थिर झाली की त्याची घरं होतात. छपरावर माती, मातीवर गवत, एका छपराच्या कडेला लहानसं झुडूप उगवलेलं. खिडकीची चौकट पांढरी. खालून वर जाणारी वाट कड्याला चिकटून एका जागी नाहीशी होते. तिथे म्हणे शिडी असायची, आणि करवसुली अधिकारी होडीतून येताना दिसला की घरचे लोक ती वर ओढून घ्यायचे. खरं-खोटं कोण जाणे. पण एवढा चढून आलेला वसुली अधिकारी खालून हाका मारतोय आणि वरची माणसं शेळीचं दूध काढत बसलीत, या चित्रावर ताई मनापासून खूश झाली. तिने बत्तीस वर्षं विक्रीकर खात्यात काढली आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच स्कागेफ्लोही रिकामं झालं. पुढे १९९३ साली नॉर्वेचे राजे हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी आपल्या लग्नाचा २५ वा वाढदिवस त्याच वाडीवर पाहुणे बोलावून साजरा केला. ज्या जागेतून माणसं सुटका करून घेऊन निघाली तिथे राजघराणं मेजवानीला गेलं, यात मला काही वावगं वाटत नाही. निदान ती पडकी घरं त्या निमित्ताने कुणीतरी पाहिली. वाड्यांची छपरं शाकारून, वाटा जागत्या ठेवून ‘स्तूरफ्योर्डचे मित्र’ ही मंडळी गेली कित्येक वर्षं त्या सांभाळत आहेत, म्हणूनच आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून ताईला छप्पर दिसू शकलं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये त्याच वेळी हाउजीचा डाव रंगला होता. ताईसाठी पाणी आणायला गेले तेव्हा पाहिलं, जमिनीपासून छतापर्यंत काचा, काचांमागे सात बहिणी दुसऱ्यांदा सरकत चाललेल्या आणि शंभरेक माणसं माना खाली घालून आकडे खोडत होती. यात उपरोध शोधायचा मोह होतो. पण डोळ्यांनाही भूक संपण्याची एक वेळ असते. सकाळी चारपासून कडे पाहणाऱ्या माणसाला दुपारी तीन वाजता एखादा आकडा बरा वाटत असेल.

बाहेर पडताना ओकरनेसचा डोंगर लागतो. तो कुणी दाखवला नाही तर ओळखू येत नाही. त्याच्या अंगावरची एक भेग दरवर्षी काही सेंटिमीटर रुंदावते आहे. कधीतरी तो भाग फ्योर्डमध्ये घसरेल आणि उठणारी लाट हेलेसील्ट आणि गायरांगर या दोन्ही गावांवर जाईल, म्हणून त्यावर अहोरात्र यंत्रांची नजर आहे. ही नुसती भीती नाही. याच स्तूरफ्योर्डच्या दुसऱ्या फाट्यात, ताफ्योर्डला, ७ एप्रिल १९३४ च्या रात्री कडा पाण्यात कोसळला आणि लाटेने ४० माणसं नेली. २०१५ मध्ये गायरांगरवरच असा चित्रपट निघाला आणि नॉर्वेत तो धो धो चालला. ताईला मी हे जेवणानंतर सांगितलं. ती म्हणाली, “आधी सांगितलं असतंस तर होडीतून उतरले नसते. बरं केलंस.”

बाल्कनीच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिथे ऐकू येतं. डेकवर ध्वनिक्षेपक, कॅमेऱ्यांची खटखट, आणि आपल्याकडच्या सहलीतले सगळे एकाच वेळी म्हणतात ते “वॉव”. आठव्या मजल्यावर, मध्यावर, दार मागे ओढून घेतलं की पाण्याच्या पडण्याचा आवाज येतो, थोडा उशिरा आल्यासारखा. मधूनच गळ्यात घंटा असलेलं एखादं जनावर. शेजारच्या बाल्कनीत एक इंग्रज बाई शब्दकोडं सोडवत असायच्या. मधल्या फळीखालून त्यांची पेन्सिल घरंगळत आमच्याकडे आली, ती ताईने परत दिली, आणि त्यावर दोघींची जी ओळख झाली ती भाषेच्या आधाराशिवाय साउदम्प्टनपर्यंत टिकली.

पुढचा मुक्काम फ्लोम, सॉग्नेफ्योर्डच्या पार आत. वाटेत वांग्सनेसला काठावर एका योद्ध्याचा अवाढव्य पुतळा दिसतो. तो जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म याने १९१३ मध्ये नॉर्वेला दिलेला. हा गृहस्थ १८८९ पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात आपली खासगी नौका घेऊन इथे यायचा. जुलै १९१४ च्या अखेरीस युरोप पेटायच्या बेतात होता तेव्हाही तो समोरच्याच काठावर, बालेस्त्रांडला होता. तिथून घाईने घरी गेला आणि आठवडाभरात लढाई जुंपली. फ्योर्ड पाहून माणूस शांत होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा पुतळा जरूर पाहावा.

फ्लोमला आमचं जहाज धक्क्याला लागलं आणि त्याच्या नळकांड्यातून निघालेला धूर खोऱ्यात तसाच लोंबत राहिला. वारा नसला की फ्योर्ड धूर धरून ठेवतो, कडे त्याला जाऊ देत नाहीत. तो निळसर पट्टा आमच्या दोन्ही खोल्यांचा होता, आतलीचा आणि बाल्कनीचा. नॉर्वेने आता नियम केला आहे की जागतिक वारशातल्या फ्योर्डमध्ये दहा हजार टनांखालच्या प्रवासी बोटी २०२६ पासून आणि आमच्या जहाजासारखी मोठी धुडं २०३२ पासून प्रदूषण न करताच शिरतील, नाहीतर शिरणार नाहीत. तेव्हा कोणता मजला आणि कोणती बाजू, हे विचारण्याआधी जहाज कशावर चालतं, हे विचारावं लागेल.

उत्तर फ्लोमच्या धक्क्यावरच उभं होतं. नेरॉयफ्योर्डमधून गुडवांगेनला जाणारी विजेची बोट, ‘फ्युचर ऑफ द फ्योर्ड्स’, २०१८ पासून धावणारी, कार्बनच्या धाग्यांची, चारशे माणसं बसतील एवढी. ती गुडवांगेनला पोचली की तिथल्या तरंगत्या धक्क्यातल्या बॅटऱ्यांवर चार्ज होते. गावच्या तारांना एवढा भार एकदम सोसणारा नाही, म्हणून धक्का दिवसभर थोडी थोडी वीज साठवून ठेवतो आणि बोट आली की एका दमात देतो. या बोटीला खोल्या नाहीत. तिच्या बाहेरच्या अंगावर डोंगरातल्या पाऊलवाटेसारखा नागमोडी उतार बांधला आहे, त्यावरून चालत चालत छतापर्यंत जाता येतं. पायऱ्या नाहीत. ताईने आधी एक वळण घेतलं, मग कठड्याला धरून दुसरं, आणि मी वर पोचले तेव्हा ती पुढच्या टोकाशी उभी होती. नेरॉयफ्योर्ड सगळ्यात अरुंद जागी २५० मीटर आहे. इंजिनाचा आवाज नव्हता. ताई एकदा डावीकडे पाहत होती, एकदा उजवीकडे, आणि दुर्बीण गळ्यात तशीच.

“हे दोन्हीकडून आहे होय,” ती म्हणाली. “मला वाटत होतं समोर समुद्र असेल.”

आठवडाभर ती एकाच कड्याच्या सोबतीने राहिली होती. दुसरा आपल्या पाठीमागे आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिचं काही अडलंही नव्हतं. बोट दोन तास चालली. ती मधल्या एका वळणावरच्या बाकावर बसली, घरं शोधायला लागली, आणि तिला आमच्या सगळ्यांआधी तीन सापडली.

गुडवांगेनहून फ्लोमला परत आणायला बस होती. दार उघडताच खिडकीच्या जागेसाठी चांगलीच रेटारेटी झाली. सगळी जगभर फिरलेली माणसं, आणि तरी कोपर कोपराला लागत होतं. बस गावाबाहेर पडली आणि डोंगरात शिरली. अकरा किलोमीटरहून लांब बोगदा. तो संपून डोळे मिचकावतोय तोवर पाच किलोमीटरचा दुसरा, आणि त्यातून बाहेर येतो तर फ्लोमच. ताईला खिडकी मिळाली होती.